लहान पेटीसाठी मितव्ययी ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या पडद्यावर 'क' हे अक्षर आपण वाचतो, तेव्हा ते तेथे लिहिलेले नसून ठिपक्याठिपक्याने रेखाटलेले असते. आज सर्वसाधारण वापरात असलेल्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या रांगेत १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकंदर ठिपक्यांची संख्या वीस लाखांच्या वर जाते. पडद्यावरील चित्र सेकंदाला बहुधा साठ वेळा नव्याने काढले जाते. प्रत्येक ठिपक्याचा रंग चार बाइटांत साठवला असे धरले, तर नुसते स्थिर पान दाखवत राहण्यासाठीही सेकंदाला सुमारे पन्नास कोटी बाइट इतकी माहिती वाचावी लागते. हे काम करणारी जी यंत्रणा ती ग्राफिक्स यंत्रणा होय. आणि ती स्वतंत्र पट्टीवर बसवून संगणकात जोडलेली असली, म्हणजे त्या पट्टीला ग्राफिक्स कार्ड म्हणतात.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी नाही. इंग्रजीसाठी घडवलेल्या संगणकावर १९८० च्या दशकात देवनागरी अक्षर उमटवणे मोठे कष्टाचे काम होते. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांविषयी झालेल्या संशोधनातून आणि पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेच्या प्रयत्नांतून 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार झाले. संगणकातील रिकाम्या खाचेत ते बसवले, म्हणजे डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रामांतही काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरे पडद्यावर दिसू लागत. आजच्या अर्थाने ते ग्राफिक्स कार्ड नव्हते. तथापि मुख्य प्रोसेसरला न झेपणारे रेखाटनाचे काम वेगळ्या कार्डाकडे सोपवावे, हे तत्त्व दोहोंत समान आहे. आज देवनागरी अक्षरे काढणे कोणत्याही साध्या संगणकाला सहज जमते. कार्डाची गरज आता उत्पन्न होते ती त्रिमितीय आराखडे, चलच्चित्रांचे संपादन आणि खेळ अशा कामांसाठी.

विवेचन सुलभ व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. जबलपूर शहरावर अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांचा अंमल होता, आणि त्यानंतरच्या काळातही नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. अशा कुटुंबांनी वर्गणीवर चालवलेले एक लहान वाचनालय आहे असे समजा. त्याच्याजवळ एका कार्यालयाने विकून टाकलेला, २०१८ च्या सुमाराचा, सडपातळ पेटीचा संगणक आहे. जीर्ण झालेल्या पुस्तकांची पाने त्यावर उतरवून ठेवावीत, वयोवृद्ध सभासदांच्या आठवणींचे चित्रीकरण करून ते संपादित करावे, आणि सभासदांच्या मुलांना त्रिमितीय आरेखनाचा सराव करता यावा, अशी चालकांची इच्छा आहे. एकच कार्ड घेण्यापुरती रक्कम हाताशी आहे; निवड चुकली, तर दुसरे घेण्यासाठी पुढील वर्षाच्या वर्गणीची वाट पाहावी लागेल, आणि तोवर आठवणी सांगणारी माणसे असतीलच असे नाही.

१. कार्ड खरोखरच हवे काय?

पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा. इंटेल कंपनीच्या बहुतेक प्रोसेसरांत २०११ पासून ग्राफिक्सचा विभाग अंतर्भूत असतो. एएमडीच्याही अनेक प्रोसेसरांत तो असतो. लेखन, मुद्रितशोधन, पाने उतरवून घेणे, हिशेब, पत्रव्यवहार ह्या कामांसाठी तेवढा विभाग पुरेसा असतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर येते, त्यात मात्र हा विभाग नसतो आणि तेथे कार्डावाचून पडदा उजळतच नाही.

अंतर्भूत ग्राफिक्स मुख्य स्मृतीचाच, म्हणजे रॅमचाच, वापर करते. पुष्कळ जुन्या संगणकांत रॅमची एकच पट्टी बसवलेली असते. तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली, म्हणजे स्मृतीकडे जाणारे मार्ग एकाचे दोन होतात आणि ग्राफिक्सचे काम लक्षणीय वेगाने होऊ लागते. हा उपाय कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त असून त्याने विजेचा खर्चही नाममात्रच वाढतो. म्हणून आधी हा उपाय करून पाहावा आणि मगच कार्डाचा विचार करावा.

आपल्या उदाहरणातील वाचनालयाची पाने उतरवण्याची गरज एवढ्यानेच भागेल. परंतु त्रिमितीय आरेखनाचे आणि चलच्चित्र-संपादनाचे काही प्रोग्राम स्वतंत्र स्मृती असलेल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय नीट चालत नाहीत. तेव्हा त्या कामांसाठी पुढील विचार करणे प्राप्त आहे.

२. पेटीचे माप

ज्या पेटीला बाजारात कॅबिनेट म्हणतात आणि घरोघरी चुकीने 'सीपीयू' म्हटले जाते, तिचे माप घेतल्यावाचून कार्ड निवडू नये. कार्डाच्या मापात तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली उंची. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागील धातूची पट्टी सुमारे १२० मिलिमीटर असते. सडपातळ पेटीसाठी केलेल्या, म्हणजे 'लो-प्रोफाइल' कार्डाची पट्टी सुमारे ७९ मिलिमीटर असते. अनेक लहान कार्डांबरोबर दोन्ही पट्ट्या मिळतात. परंतु जुन्या कार्डासोबतची लहान पट्टी बहुधा हरवलेली असते, ह्याकडे लक्ष द्यावे.

दुसरी लांबी. मानकाप्रमाणे लांब प्रकारच्या लो-प्रोफाइल कार्डाची मर्यादा सुमारे १६८ मिलिमीटर आहे. पण काही उत्पादक ह्याहून लांब कार्डे काढतात. पेटीत खाचेपासून समोरच्या अडथळ्यापर्यंत किती जागा आहे, हे पट्टीने मोजावे.

तिसरी जाडी. शेजारशेजारच्या दोन खाचांमधील अंतर २०.३ मिलिमीटर असते. एका खाचेत मावणारे कार्ड आणि शेजारच्या खाचेची जागा अडवणारे दुप्पट जाड कार्ड असे दोन प्रकार त्यामुळे पडतात. सडपातळ पेटीत लांब खाच कित्येकदा अगदी कडेला, वीजपुरवठ्याच्या डब्याला लागून असते. तेथे दुप्पट जाड कार्ड बसतच नाही. छायाचित्र पाहून हे कळत नाही. पेटी उघडूनच पाहावे लागते.

३. विजेची मर्यादा

ग्राफिक्स कार्ड ज्या लांब खाचेत बसते, ती पीसीआय-एक्सप्रेस मानकानुसार कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट शक्ती पुरवू शकते. त्यांपैकी ६६ वॅट १२ व्होल्टच्या आणि उरलेली ३.३ व्होल्टच्या तारांतून येते. ह्याहून अधिक शक्ती लागणाऱ्या कार्डाला वीजपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी केबल जोडावी लागते. सहा टोकांची केबल आणखी ७५ वॅट आणि आठ टोकांची १५० वॅट पुरवते. लहान कार्ड निवडणाऱ्यासाठी ७५ हा आकडा म्हणूनच सीमारेषेसारखा आहे. तिच्या आतले कार्ड खाचेतच बसते, चालते आणि केबलची अपेक्षा करीत नाही.

तथापि दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. कार्यालयांसाठी बनवलेल्या काही लहान संगणकांत उत्पादकाने ह्या खाचेची मर्यादा ७५ वॅटच्याही खाली ठेवलेली असते. संगणकाच्या माहितीपुस्तिकेत ती दिलेली असते आणि ती वाचल्याशिवाय खरेदी करू नये. दुसरे असे की, अशा पेटीतील वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो बहुधा वेगळ्या आकाराचा व बेताच्या क्षमतेचा असतो. बाजारातील सामान्य डबा त्याच्या जागी बसत नाही.

आपल्या वाचनालयाच्या संगणकातील डबा २४० वॅटचा आहे असे धरू. प्रोसेसर ६५ वॅट, मदरबोर्ड, स्मृती, डिस्क व पंखे मिळून सुमारे ४० वॅट, आणि कार्ड ७० वॅट. बेरीज १७५ होते. प्रोसेसर क्षणभर आपली मर्यादा ओलांडतो आणि डबाही जुना झालेला असतो, हे ध्यानात घेता चौथा हिस्सा राखीव असलेला हा हिशेब समाधानकारक म्हणता येईल. त्याच जागी ११५ वॅटचे कार्ड योजले, तर राखीव शक्ती जवळपास संपते.

केबल नसल्यास डिस्कसाठी असलेल्या साटा जोडणीतून सहा टोकांची केबल काढून देणारे लहान जोड बाजारात मिळतात. त्यांच्यापासून दूर राहावे. साटा जोडणी १२ व्होल्टवर अवघी ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट, वाहून नेण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावर ७५ वॅटचा भार टाकला तर प्लास्टिक वितळून आग लागण्याचा धोका संभवतो.

४. थोड्या विजेत अधिक काम

कमी विजेवर चालणारे कार्ड म्हणजे दुबळे कार्ड, अशी समजूत आढळते. तिच्यात अंशतः तथ्य आहे. परंतु शक्ती आणि वेग ह्यांचे प्रमाण सरळ नसते. सिलिकॉनच्या चिपमध्ये खर्च होणारी शक्ती मुख्यतः तिच्या ठोक्यांच्या वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते. उलट दोन्ही एकदशांशाने कमी केली, तर वेग एकदशांशानेच घटतो. पण शक्ती ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३ पट होते. वेगात दहा टक्क्यांचा त्याग केल्याने शक्तीत सत्तावीस टक्क्यांची बचत झाली.

मितव्ययी कार्डे ह्याच तत्त्वावर बनतात. मोठी चिप घेऊन ती संथ गतीने चालवली, की थोड्या विजेत बरेच काम होते. मात्र मोठी चिप महाग पडते. व्यावसायिक उपयोगासाठी बनवलेली ७० वॅटची कार्डे त्याच शक्तीच्या साध्या कार्डांहून कितीतरी पटींनी महाग असतात, ह्याचे एक कारण हे आहे.

५. स्मृती : केवळ आकडा पुरेसा नाही

दुकानात कार्डाचे वर्णन 'दोन जीबी', 'चार जीबी' असे केले जाते. स्मृती किती आहे ह्याइतकेच ती किती वेगाने वाचता येते, हे महत्त्वाचे असते. हा वेग काढण्याची रीत सोपी आहे. स्मृतीच्या मार्गाची रुंदी बिटांत घ्यावी, प्रत्येक तारेवरील वेगाने तिला गुणावे आणि आठाने भागावे.

२०१७ मध्ये आलेल्या 'जीटी १०३०' ह्या कार्डाचे उदाहरण बोधप्रद आहे. त्यात ६४ बिट रुंदीचा मार्ग व सहा गिगाबिट वेगाची जीडीडीआर-५ स्मृती होती. म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबाइट. पुढील वर्षी ह्याच नावाने डीडीआर-४ स्मृतीचे कार्ड बाजारात आले. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ गिगाबाइटच भरतो. नाव तेच, खोके जवळजवळ तसेच, स्मृती दोन्हींत दोन जीबी. पण स्मृतीचा वेग जेमतेम एकतृतीयांश! खोक्यावरील बारीक अक्षरे वाचणारा ग्राहकच अशा वेळी वाचतो.

६. चलच्चित्रांची भाषा

चलच्चित्र साठवताना ते आकसून घ्यावे लागते आणि दाखवताना पुन्हा उलगडावे लागते. एच-२६४, एचईव्हीसी, व्हीपी-९ आणि एव्ही-१ ही आकसण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची नावे होत. ज्या कार्डात त्या पद्धतीचा खास विभाग असतो, ते हे काम थोड्या विजेत करते. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. उलगडणे आणि आकसणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. 'जीटी १०३०' मध्ये आकसण्याचा विभागच नाही. २०२२ मध्ये एएमडीने आणलेल्या 'आरएक्स ६४००' मध्येही तो नाही. नुसती चित्रे पाहणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही; संपादन करणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी तिष्ठत बसावे लागते.

७. उन्हाळा, वीज आणि इन्व्हर्टर

कार्डात गेलेला प्रत्येक वॅट अखेर उष्णता होऊन खोलीत उतरतो. पंखा ही उष्णता दूर ढकलतो. भोवतालच्या हवेपेक्षा चिप अधिक थंड करणे त्याच्या हाती नसते. एखादी चिप भोवतालच्या हवेपेक्षा ३५ अंशांनी अधिक तापते असे समजा. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ती ६० अंशांवर राहील. जबलपुरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. बंद पेटीतील हवा त्याहूनही तापलेली असते. तीच चिप तेव्हा ८० अंशांच्या घरात पोहोचेल आणि स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग कमी करू लागेल. थंड प्रदेशातील परीक्षणांत वाचलेले आकडे म्हणूनच आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पंख्यावाचून चालणारी मूक कार्डे वाचनालयासारख्या शांत जागी आकर्षक वाटतात. पण कोंदट सडपातळ पेटीत आणि अशा उन्हाळ्यात पंखा असलेले कार्डच अधिक विश्वसनीय ठरते. धूळ हा त्याचा शत्रू आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीच्या सफाईत एकदा पेटी उघडून ती झटकावी.

मध्य प्रदेशच्या अनेक वीज कंपन्यांची मुख्यालये जबलपुरात आहेत आणि शहरानजीक नर्मदेवरील बरगी धरणावर ९० मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. वीज जवळ निर्माण झाली म्हणून देयक लहान होत नाही, हे निराळे. ७० वॅटचे कार्ड रोज चार तास पूर्ण भाराने, महिन्यातून २५ दिवस चालवले, तर सात युनिटे लागतात; २०० वॅटच्या कार्डाला वीस. वीजपुरवठ्याच्या डब्यात वाया जाणारी शक्ती धरली, तर दोन्ही आकडे आणखी थोडे वाढतात. फरक तेरा युनिटांचा. आपल्या दराने त्यास गुणून ज्याचा त्याने निर्णय करावा.

वीज गेल्यावर हा फरक अधिक जाणवतो. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरी टिकवायची तर त्यातील निम्मीच वापरावी, आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता हाती सुमारे ७५० वॅट-तास उरतात. संगणक व पडदा मिळून १५० वॅट घेत असतील तर काम पाच तास चालेल. ३०० वॅट घेत असतील तर अडीच तासही चालणार नाही, कारण भार वाढला की बॅटरीची उपयुक्त ऊर्जा घटते.

८. निवडीचा क्रम

आता वाचनालयाच्या उदाहरणाकडे वळू. संगणक २०१८ चा असल्याने त्याची खाच पीसीआय-एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची आहे. 'आरएक्स ६४००' ५३ वॅटचे असून एका खाचेत मावते. परंतु ते खाचेचे चारच मार्ग वापरते. चौथ्या पिढीच्या खाचेत ते पुरतात. तिसऱ्या पिढीच्या खाचेत वेग निम्म्यावर येऊन कार्ड खोळंबते. शिवाय त्यात आकसण्याचा विभाग नाही. ते वगळावे लागेल.

इंटेलची 'आर्क ए३१०' व 'आर्क ए३८०' ही २०२२ ची कार्डे एव्ही-१ पद्धतीने आकसण्यात उत्तम आहेत. मात्र त्यांना मदरबोर्डात 'रिसायझेबल बार' नावाची सोय लागते. ती नसेल तर त्यांचा वेग फार घटतो. आपल्या संगणकात ती नाही. नव्या संगणकासाठी हीच कार्डे विचारात घेण्याजोगी ठरतील.

'जीटी १०३०' ची दोन जीबी स्मृती त्रिमितीय आरेखनास अपुरी आहे. शिवाय त्या पिढीच्या कार्डांसाठी नियमित सुधारणा देणे एनव्हिडिया कंपनीने २०२५ मध्ये थांबवले. २०१९ चे 'जीटीएक्स १६५०' ७५ वॅटचे, चार जीबीचे आणि अजूनही उपयुक्त आहे. पण ते सीमेवर उभे आहे.

उरतात ती दोन प्रकारची कार्डे. पेटीत दुप्पट जाडीचे कार्ड मावत असेल आणि खाच पूर्ण ७५ वॅट देत असेल, तर २०२४ च्या आरंभी आलेले सहा जीबीचे 'आरटीएक्स ३०५०' लो-प्रोफाइल बांधणीत घ्यावे. ते ७० वॅटचे असून स्मृतीचा वेग सेकंदाला १६८ गिगाबाइट आहे. ह्याच नावाचे आठ जीबीचे कार्ड वेगळे असून त्याला केबल लागते, हे खरेदीच्या वेळी विसरू नये. पेटीत एकाच खाचेची जागा असेल, तर २०२४ मध्येच आलेली 'आरटीएक्स ए४००' व 'आरटीएक्स ए१०००' ही प्रत्येकी ५० वॅटची कार्डे उरतात. पहिल्यात चार जीबी, दुसऱ्यात आठ जीबी स्मृती आहे. त्यांच्यावरील पडद्याच्या जोडण्या लहान आकाराच्या डिस्प्लेपोर्ट प्रकारच्या असल्याने एचडीएमआय पडद्यासाठी जोड घ्यावा लागेल.

९. जुने कार्ड घेताना

मढातालातील जयंती कॉम्प्लेक्स असो वा नागपूर-पुण्यातील बाजार असो, जुनी कार्डे सर्वत्र मिळतात आणि थोडक्या पैशांत चांगले कार्ड हाती लागू शकते. परंतु जुन्या, अधिक वीज खाणाऱ्या कार्डावरील माहिती बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याचे प्रकार झालेले आहेत. 'जीटीएक्स १०५० टीआय' च्या नावाखाली कित्येक वर्षांपूर्वीच्या चिपा विकल्या गेल्या. म्हणून कार्ड संगणकात बसवून दाखवण्याचा आग्रह धरावा, 'जीपीयू-झेड' हा विनामूल्य प्रोग्राम चालवून चिपचे खरे नाव वाचावे, आणि पंधरा-वीस मिनिटे पूर्ण भाराने चालवून पाहावे. विक्रेता ह्यास तयार नसेल, तर त्याच्या नकारातच उत्तर मिळाले असे समजावे.

ह्या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, उत्तम कार्ड कोणते, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या पेटीत, किती विजेवर, कोणत्या हवेत आणि कोणत्या कामासाठी, एवढे शब्द त्यास जोडले की उत्तर बहुतांशी आपोआप निघते. वाचनालयाच्या चालकांनी खरेदीला निघण्यापूर्वी एक संध्याकाळ मोजपट्टी, पेचकस आणि माहितीपुस्तिका घेऊन त्या जुन्या संगणकापुढे घालवावी. त्या संध्याकाळी कागदावर उतरवलेले चार आकडे दुकानदाराच्या तासाभराच्या शिफारशीहून अधिक उपयोगी पडतील. दुसऱ्या दिवशी कार्ड बसले, की उशीर न करता पहिल्या वृद्ध सभासदाला बोलावून त्याच्या आठवणींचे चित्रीकरण सुरू करावे.